खोकल्यावर थांबणारी बोली

हमाली करून मी मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत उभी केली. पण शेतकऱ्यांनी माझ्याकडं आणलेल्या सोयाबीनचा लिलाव चढू लागला की एक खरेदीदार खोकतो आणि त्याचे चुलतभाऊ लगेच बोली थांबवतात.

त्यांच्यातलाच एक भाऊ मेंदूवर संशोधन करतो. सुट्टीत आला की समोरच्या टपरीवर बसतो. गार झालेल्या चहावरही फुंकर मारतो, मगच बोलतो.

“काका, मेंदूतबी दुसऱ्यांना थांबवणाऱ्या पेशी असतात. त्यातली कोणती कुणाशी जोडली जाणार, हे तिचा जन्म कोणत्या मूळ पेशीतून झाला त्यावरबी ठरतं.”

मी भडकलो. “म्हंजे तुझ्या भावांचा काहीच गुन्हा न्हाई? जन्मानंच तसले?”

त्यानं फुंकर मारली. “पेशीला इचार करता येत न्हाई, काका. माणसाला येतो.”

दुसऱ्या दिवशी लिलावात खोकला आला, सगळे गप्प झाले. तेवढ्यात मागून तो संशोधक भाऊ ओरडला, “दादा, खोकून झालं असंल तर पुढची बोली बोला!”

मोंढा हसला आणि लाजेकाजेनं बोली वर गेली.

संध्याकाळी भावांनी त्याला घरभेदी म्हटलं. रोज शेतकऱ्याचं घर लुटणाऱ्यांनी हा शब्द वापरावा? हेच त्याला सांगायला मी तावातावानं टपरीवर गेलो. तो एकटाच बसला होता. चहा समोर होता, पण त्यावर फुंकर मारायचं तो विसरला होता.