बाई आणि न सुटलेला तिसरा प्रश्न

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी माऊस उचलून माझ्या हातात द्यायच्या. "हे तुमचं डोळेवाल्यांचं खेळणं. मले कीबोर्ड पुरते." जन्मापासून दृष्टी नसलेल्या बाई सिंदी रेल्वे या गावातल्या एका शाळेत कंत्राटी शिक्षिका होत्या. शिक्षकांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे ऑनलाइन पाठ वर्ध्याच्या आमच्या छोट्या कचेरीत तयार व्हायचे. ते तपासायला त्या दर शनिवारी यायच्या.

स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज त्या इतक्या वेगात लावत, की मला नुसती भुणभुण ऐकू येई. त्यातूनही त्या नेमकी चूक पकडत. "इथं नुसतं 'चित्र' म्हणून राह्यला. काह्याचं चित्र? मास्तर आहे का म्हैस?" मी कुरकुरत चित्राचं वर्णन लिहायचो.

मग वरून नवी प्रणाली आली. जुन्या पाठांचा साचा तिच्याशी जुळत नव्हता. पाठ हलवताना लिहिलेली वर्णनं गळाली, कीबोर्डने पुढे जायच्या वाटा बुजल्या. पडद्यावर मात्र सगळं जसंच्या तसं दिसत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं आणि 'ठीक' अशी खूण केली. बाईंना बोलावलंच नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या सतत चुका काढण्याचा मला कंटाळाही आला होता.

त्याच पाठांवर बाईंची परीक्षा झाली, आमच्याच कचेरीत. पास झाल्या तरच कंत्राट पुढे चालणार होतं. तिसऱ्या प्रश्नात व्हिडिओची चौकट होती. बाई कीबोर्डने आत शिरल्या आणि बाहेर येईनात. ही कळ दाबली, ती दाबली; आवाज 'चालू करा, थांबवा, चालू करा' एवढंच घोकत राहिला. वेळ पळत होता. माझा हात माऊसकडे गेला.

"हात नको लावू," बाई म्हणाल्या. "परीक्षा माही आहे. अन् रोज येशीन का तू मले काढाले?"

वेळ संपेपर्यंत त्या कळा दाबत राहिल्या. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

कंत्राट गेलं. बाई वडनेरला भावाकडे राहायला गेल्या. मी पाठ दुरुस्त केला आणि फोन करून म्हटलं, फेरपरीक्षेचा अर्ज करा.

"माह्यं राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या चौकटीत अजून कोण कोण अटकलं, ते पाह्यलं का तू?"

पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या नोंदी उघडल्या. तिसऱ्या प्रश्नावरच थांबलेली आणखी सात नावं होती. बाईंसकट आठही जणांपुढे एकच शेरा होता: परीक्षा स्वतःहून सोडली.