शकुबाईच्या राजाची उडी

कऱ्हाटीची शकुबाई भेंडी तोडता तोडता बुद्धिबळ खेळायची, पटाबिगर. ह्या सरीतनं ती घोड्याची चाल सांगायची, त्या सरीतनं तिची सून निकिता प्याद्याची. तोडा संपायच्या आत निकितावर मात झालेली असायची. बापानं शिकवलेला जुना डाव, त्यात निकितानं मोबाईलवर दाखवलेला सिसिलियन बचाव. बचाव नुसता नावाला. काळ्यानं पयल्यापास्नं अंगावरच जायचं. पंचावन्न वर्साच्या बाईला त्योच आवडला.

बारामतीच्या स्पर्धेत निकितानंच तिचं नाव घातलं. शेवटच्या फेरीत समोर इंदापूरचा दिग्विजय, क्लासात शिकलेला. जो जिंकंल त्यो जिल्ह्याच्या संघात. जागा एकच.

शकुबाईनं सिसिलियनच लावला. दोघांची फौज एकमेकांच्या राजाकडं पळत सुटली. तिनं हत्ती दिऊन घोडा मारला, त्याच्या राजाचं दार उघडं पाडलं. तवर दिग्विजयचा वजीर तिच्या राजाच्या उरावर. पुढच्या चालीला मात.

शकुबाईनं राजा उचलला आन् घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. बापाच्या डावात राजाला एकदा तशी उडी असायची.

पंच आले. "मावशी, ही चाल नियमात न्हाय." दिग्विजयला दोन मिन्टं वाढवून दिली. वर, हात राजाला लागलाय तर राजाच हलवायचा. मागची पोरं खुसखुसली, मावशीचा राजा घोड्यावर बसून लग्नाला निघाला म्हणं. दोरीमागं उभ्या निकिताला त्यांची थोबाडं फोडावी वाटली, पण हॉलमधी बोलायची सोय नव्हती.

शकुबाईनं राजा जागेवर आणला. जायला घर एकच, शेजारचं. तितं सरकवला. दिग्विजयनं वजीर पार कोपऱ्यात नेऊन शह दिला. राजा एक घर तिरका गेला, आन् निकिताच्या ध्यानात आलं. उडी मारून जितं बसला हुता, त्याच घरात राजा चालत जाऊन बसला हुता.

दिग्विजयनं अकरा मिन्टं पट न्याहाळला. शह घावंना. वजीर कोपऱ्यात, आन् त्याचा राजा उघड्यावर एकटा. मग तीन चालींत शकुबाईनं मात केली. पोरगा उठून तिच्या पाया पडला.

"आत्या, हे दिसलं कवा तुमाला?" निकितानं इचारलं.

"तेवढं एकच घर बिनघोराचं दिसत हुतं. उडी मारून जा न्हायतर चालत."

पंचांनी संघाच्या यादीसाठी पूर्ण नाव इचारलं. बडबडी निकिता सांगाया पुढं झाली, तवर शकुबाईनंच पेन घेतलं.