तेवीस तासांचा रविवार

‘उद्या म्हणजे किती?’ असं ब्रिजेट मॅडम नव्या प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी विचारायच्या. ‘चोवीस तास’ असं उत्तर आलं की त्यांचा पारा चढायचा. मीही तेच म्हटलं होतं. "मग तुझी वाट लागणार," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्यापायी माझीही."

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात त्या टेस्टर होत्या. प्रोग्राम आम्ही लिहायचे, चुका त्यांनी काढायच्या. घर मरोळच्या जुन्या गावठाणात, बहीण अमेरिकेत. "तिकडे मार्चमधल्या एका रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात. तो दिवस तेवीस तासांचा. नोव्हेंबरात परत मागे, तो पंचवीसचा. मार्चपासून बहिणीचा फोन तासभर लवकर येतो, हे माझ्या आईला नव्वदीत कळतं. तुम्हा इंजिनियरांना कळत नाही." राग आला की त्या हळू बोलत. ते जास्त लागे.

आमचं ॲप अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांना औषधांच्या वेळेची आठवण करून द्यायचं. पुढची वेळ काढायला मी मागच्या वेळेत सरळ चोवीस तास मिळवले होते. मॅडमनी चूक नोंदवली: त्या रविवारी सकाळी आठचा गजर नऊला वाजेल. मी मॅनेजरला विचारलं. "वर्षातून एकदा ना? बंद कर," तो म्हणाला. ‘दुरुस्तीची गरज नाही’ असं लिहून मी नोंद बंद केली. त्यांनी ती पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली.

मार्च आला. तिथल्या एका आजींना कंपवात होता. गोळीला उशीर झाला की अंग आखडायचं. त्या सकाळी गजर तासभर उशिरा वाजला. तोवर आजी बाथरूमला जायला उठल्या, पाय उचललाच नाही, पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

सोमवारी मीटिंगमध्ये क्लायंट फोनवर होता. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "टेस्टिंगमधून हे सुटलं." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही, सुटलं नव्हतं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"दोनदा नोंदवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "दोनदा बंद केलं गेलं." पण त्या बोलायच्या आत मॅनेजरने फोन म्यूट केला होता.

त्या दिवशी त्यांनी मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. "तास मिळवू नकोस. तारीख एकने पुढे ने आणि तिथल्या घड्याळाचे आठ धर." मार्च आणि नोव्हेंबर, दोन्ही नीट चालतात हे तपासलं आणि मगच त्यांनी राजीनामा दिला.

मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेलो. "मॅडम, चूक माझी होती."

"चुका काढायलाच तर मला ठेवलेलं रे. चुकीचा राग नाही. तू गप्प बसलास, ते मी कुठल्या टेस्टमध्ये पकडणार होते?"

मॅनेजरचा राग मला आजही येतो. माझा त्याहून जास्त येतो. आठवड्याने मी क्लायंटला सगळं लिहून पाठवलं: चूक कोणी केली, कोणी नोंदवली, नोंद कोणाच्या सांगण्यावरून कोणी बंद केली. माझी नोकरी गेली, मॅनेजर अजून तिथेच आहे. त्या पत्राची प्रत मी मॅडमना मोबाइलवर पाठवली होती. त्यांनी ती वाचल्याची निळी खूण दिसली. उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं.