पेल्यात थुंकणारा काँप्युटरवाला

"थांबा" असं तो तोंडाने कधी म्हणालाच नाही. एक बोट वर करायचा, मान मागे टाकून "ऊंऽ" करायचा आणि हाताशी येईल त्या पेल्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचा. वाचूनच मळमळलं ना? मी ते पेले रोज बघत होते.

महाल भागात कूलरचं दुकान होतं, तिथे मी ऑर्डर घ्यायचे. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "शेजाऱ्यासारखा बनवा, पण त्याहून मोठा." झाली ऑर्डर! मग कूलर खिडकीत बसायचा नाही, की आमच्या नावाने शिमगा. काँप्युटर तेव्हा नवे नवे आले होते. शेठजींनी याला बोलावलं. आता यंत्रच खिडकीचं माप विचारणार, बाजूच्या ताट्या वाळ्याच्या की गवताच्या ते विचारणार आणि कूलर ठरवणार.

त्या खोलीत आम्ही चपला काढून जायचं आणि हा बटणं पुसायचा ती खर्र्याच्या लाल रुमालाने! वर ऐकवायचा, "ताई, याले धूळ चालत नाही." शी!

शेठजींनी बजावलं होतं, "होळीआधी एक ऑर्डर नीट घेऊन दाखव, नाही तर उचल तुझा डबा." मास्तरकी सोडून आला होता तो. म्हणून खात्रीचं गिऱ्हाईक आणलं: खापा गावाहून स्वतःची आई. येताना बसमध्ये तिच्याकडून मापं घोकून घेतली होती.

शेठजी मागे उभे. याने विचारलं, "खिडकी केवढी?"

"माप भुलली गा मी. शेजारच्या यमुनेसारखा दे. पण तिच्याहून मोठा पायजे."

शेठजी खो खो हसले. मीही हसले.

त्याने बोट वर केलं. पेला समोर होता. पण समोर आईही होती. काय सांगू तुम्हाला, त्याने ती सगळी घाण गिळली! डोळ्यांत पाणी आलं. मग मोकळ्या तोंडाने बोलला.

"यमुनाकाकूचा आपल्याच दुकानातला ना?"

"त मंग!"

"अन् खिडकी?"

"तिच्याएवढीच. एकाच मिस्त्रीची घरं."

"मग रुंद नाही बसणार, आई. उंच चालते?"

"चालते. रस्त्यावरून दिसला पायजे."

यमुनाकाकूच्या कूलरचं माप दुकानाच्या वहीत होतंच. त्याने ते भरलं आणि यंत्राने ऑर्डर छापली. शेठजींचं हसू थांबलं.

त्या उन्हाळ्यात यंत्राचा पहिला प्रश्न असायचा, "शेजाऱ्याकडे कोणता आहे?" पुढे तो मोठ्या नोकरीवर दूर गेला. तोंडाच्या रोगाने वारला, असं नंतर कळलं.

त्याचा एक पेला माझ्याकडे आहे. राखेने घासला, चिंचेने घासला. अजूनही त्यात पाणी प्यायची किळस येते. फेकवतही नाही.