भाकरीबरोबरची पुडी

"हात जोड आणि ह्या सगळ्यांना सांग, चूक आमची होती म्हणून."

वैद्यसाहेब असं बोलले. हॉल भरलेला होता. खुर्च्यांवर शहरातली माणसं, खाली सतरंजीवर आमच्यासारखी. मी दारात, चपला काढतात तिथं उभा. डोक्याचे केस अजून उगवले नव्हते. पारूचं बारावं नुकतंच झालं होतं.

मी भांडायला गेलो नव्हतो. विचारायला गेलतो. माझी बायको तुमचं औषध घेत होती, ती कशानं गेली, एवढंच.

साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान. तरी अरेतुरे. "अरे, उपास सोसत नाही तर धरायचा कशाला? माझं औषध शुद्ध आहे. तुम्ही माग चालवणारी माणसं, तुमच्यानं पथ्य होत नाही. बायको मारायची आणि नाव वैद्याचं घालवायचं."

सगळे माझ्याकडं बघत होते. एक बाई सतरंजीवरनं म्हणाली, "म्हणून टाका हो मामा, आमचा नंबर खोळंबलाय."

मी हात जोडले. म्हणालो, "चूक आमचीच, साहेब."

खाली वाकून चपला शोधल्या. चालत वडगावला आलो. घरात माग बंद पडलेला. मी पण बसलो तसाच. रडू आलं नाही. भूक पण लागली नाही.

पारूनं जन्मभर माझ्यासाठी कांड्या भरल्या. रहाट फिरवून फिरवून तिची बोटं वाकडी झाली, गुडघे धरले. सकाळी उठताना भिंतीला धरून उठायची. कुणीतरी ह्या वैद्याचं नाव सांगितलं. झाडपाल्याचं औषध, अपाय नाही. पुडी दिली, वर बजावलं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. भाकरी खायची, मगच पुडी.

चार दिवसांत पारू चालायला लागली. मी वैद्याला देव मानलं. पुढं तिचा चेहरा भरला, गोल झाला. गल्लीतल्या बाया मला चिडवायच्या, "आप्पा, म्हातारीला काय खायला घालताय? नवरीगत दिसाय लागलीया." मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटायचं.

मग घट बसले. पारू दरसाल नऊ दिवस धरायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "पुडी घेतलीस का?"

म्हणाली, "भाकरीबरोबर घ्यायची हाय न्हवं? भाकरीच न्हाय तर पुडी कशी घ्यायची? वैद्यांनी सांगितल्याबाहेर मी जायची न्हाय."

मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

मधल्या दिवसांतच ती गळाली. पाणी पोटात ठरेना. उपासानं आलं असंल म्हणून लिंबू-साखर दिली. खंडेनवमीला मागाला फुलं वाहायला उठली, ती मागापाशीच बसली. परत उठली नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू होत्या?" मी म्हणालो, "गोळ्या न्हाईत. झाडपाल्याचं औषध." संध्याकाळच्या आत संपलं.

साहेबापुढं हात जोडून आलो त्यानंतर चार-पाच दिवसांनी सुमन भेटायला आली. आमच्याच गल्लीत वाढलेली, आता औषधाच्या कॉलेजात शिकवते. हार घातलेल्या फोटोपुढं लई वेळ थांबली. फोटो गेल्या लग्नसराईतला.

"आप्पा, काकींचा चेहरा असा कधीपास्नं झाला?"

"औषध मानवलं तवापास्नं."

ती म्हणाली, "पुड्या हायत का अजून?"

होत्या. देवळीत, पारूनं ठेवल्या तशाच. काहींवर वैद्याचा कागद अजून चिकटवलेला. सुमन म्हणाली, "चिकटवलेल्या अजिबात उघडू नका. एक सुटी द्या. आणि तुम्ही पण चला. मी नुसतं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटंल."

कॉलेजात तिनं एक काचेची पट्टी काढली. एका अंगाला पांढरा लेप, चुन्यानं सारवल्यागत. खालच्या बाजूला शिसपेन्सिलीनं रेघ मारली. पुडीतली पावडर स्पिरिटात ढवळून गाळली आणि सुईसारख्या बारीक नळीनं तिचा एक ठिपका रेघेवर ठेवला. शेजारी दुसरा ठिपका, एका गोळीचा. तिसरा नुसत्या झाडपाल्याचा, तिनं बाजारातनं मुळ्या आणून स्वतः कुटलेला. मग पट्टी बरणीत उभी केली. तळाला थोडं औषधी पाणी होतं. झाकण लावलं.

ते पाणी आपलं आपण वर चढायला लागलं. ओल्या लुगड्यात रंग सरकतो तसं.

"ठिपक्यात जे जे मिसळलंय ते पाण्याबरोबर वर जातंय," सुमन म्हणाली. "पण प्रत्येकाची चाल वेगळी. एक हितं थांबंल, एक तिथं. तीच वस्तू असली तर त्याच उंचीला थांबंल."

पट्टी वाळवून तिनं एका दिव्याखाली धरली. पट्टी हिरवी उजळली, त्यात काळे डाग. पारूच्या पुडीचे डाग खालपासून वरपर्यंत. त्यातला एक गोळीच्या डागाच्या बरोबर शेजारी. सुतानं धरल्यागत एका ओळीत. नुसत्या झाडपाल्याच्या वाटेवर त्या जागी काही नाही. कोरं.

"कसली गोळी ही?"

"स्टेरॉइड. दुखणं लगेच थांबतं. तोंड गोल होतं. आणि लई दिवस रोज घेतलेली एकदम सोडली तर..."

"बोल."

"शरीराला तिच्याशिवाय उभंच राहता येत न्हाय, आप्पा. रक्तदाब पडतो. उलट्या होतात. माणूस जातं."

"पक्कं?"

"पक्कं म्हणायला मोठी तपासणी लागते. त्या बंद पुड्या सरकारी माणसाच्या हातात द्या. पण माझ्या मनात संशय न्हाय."

मी त्या डागाकडं बघत बसलो. राग यायला पाहिजे होता, आला नाही. एकच गोष्ट कळत होती. पारूनं पथ्य मोडलं नव्हतं. पाळलं होतं. वैद्यानं सांगितलं तसं, तंतोतंत. आणि मी भरल्या हॉलमध्ये तिच्या नावानं चूक कबूल करून आलो होतो.

सोमवारी परत गेलो. दारात थांबलो नाही. आत जाऊन खुर्चीवर बसलो.

"अरे, तू परत?"

"त्या दिवशी बोललो ते परत घ्यायला आलोय. चूक आमची नव्हती. तुमच्या पुडीत गोळी घातलीया. पट्टीवर डाग बघितला मी."

साहेबांनी लोकांकडं बघितलं. "डाग बघून औषध ओळखतोय म्हातारा. जा, लुगड्यावरचे डाग बघ, जा." खुर्च्यांवरची दोघं-तिघं हसली.

मी उठलो आणि सतरंजीकडं तोंड केलं. "बायांनो, पुडी तपासून घ्या. पण घरी जाऊन एकदम सोडू नका. पुडी घेऊन आजच मोठ्या दवाखान्यात जावा, डॉक्टरच्या हातात द्या, ते सांगतील तशी कमी करा. माझ्या बायकोनं उपासाला सोडली. ती गेली."

निपाणीकडची एक बाई होती, विड्या वळणारी. चेहरा गोल, गाल तुकतुकीत. पारूचाच. तिनं पिशवीतली पुडी काढून बघितली.

"मामा, मलाबी भाकरीबरोबरच घ्यायला सांगितलंय."

"उपास करतीस?"

"सोमवार धरते. आज हायच की." तिचा हात थांबला. "एकादशीला जोडून आला की दोन-दोन दिवस चुकते पुडी. पडूनच ऱ्हाते मी तवा."

कोणी हसलं नाही. वैद्याच्या माणसानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. ती बाई माझ्या मागनं आली. सुमननं सांगितलेल्या दवाखान्यात मीच तिला पोचवलं.

बंद पुड्या औषध खात्याच्या ऑफिसात दिल्यात. तिथले साहेब कन्नडमधनं बोलले, मी पण कन्नडमधनं बोललो. तपासणी व्हायची ती होईल, नाही तर दाबून टाकतील. मी त्याची वाट बघत बसणार नाही.

माग विकला. आता रोज सकाळी त्या वैद्याच्या दारासमोर, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसतो. पोलिसांनी एकदा उठवलं, दुसऱ्या दिवशी परत बसलो. बस येते, माणसं उतरतात. गोल तोंडाची बाई दिसली की उठून तिच्या आडवा जातो आणि जे सांगायचं ते सांगतो. कोण शिव्या देतं, कोण ऐकतं.

मरेपर्यंत बसणार. हात जोडणार नाही.