रामवाडीची चैया

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी रामवाडीच्या सरांचं नाव घेतो, आईवडिलांच्याही आधी. आईची त्याला हरकत नव्हती. "आमी तुला वाढवला," ती म्हणायची, "पन कॉलेजात कोनी टिकवला? त्यांचंच नाव घे."

सर शाळेतले नव्हते. पेणचे फिटर. तरुणपणी कामासाठी थायलंडला गेले, तिथे दक्षिणेतल्या एका रबर कारखान्यात काही वर्षं राहिले आणि जवळच्या विहाराच्या अंगणात एका म्हाताऱ्याकडून जुनी मुए थाई, तिथली हातापायांनी लढायची कला, शिकून आले. परतल्यावर संध्याकाळी पेणजवळच्या रामवाडीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात आम्हा पोरांना ती शिकवायचे. कारागीर घरी गेले की मूर्तींच्या दोन रांगांमधली गल्ली आमची. मूर्ती अजून रंगवायच्या असत. त्यांना हात-पाय लागू द्यायचा नाही, हे कोणाला सांगावं लागलं नाही. त्यामुळे आम्ही आपोआप कोपर फासळ्यांशी, हनुवटी खाली, पाऊल आखूड असे वावरायला लागलो.

"गणपतीने माझं काम सोपं केलं," सर म्हणायचे. "आपल्या चैया पद्धतीत हेच हवं. कोरात पद्धत शिकवायची असती तर मैदान शोधावं लागलं असतं."

मुए थाई ही एकच एक नाही, हे मला तिथे कळलं. टीव्हीवर दिसते ती हातमोज्यांची, रिंगणातली, अलीकडची. जुनी गावागावाची वेगळी. ईशान्येकडच्या कोरातची मोकळ्या माळावरची, लांबून वळवून आणलेल्या ठोशाची. तिथले लढवय्ये हाताला सुती दोरी कोपरापर्यंत गुंडाळायचे. लोपबुरीची हुशारीची, सरळ ठोशांची आणि हुलकावणीची. उत्तरेकडच्या ता साओची चपळ पायांची. आणि दक्षिणेची ही चैया, अंग चोरून उभी राहणारी, दोरी मनगटाच्या जेमतेम वर. ती एका विहारातल्या भिक्खूने सुरू केली, तो आधी सैनिक होता, असं सरांच्या म्हाताऱ्या गुरूने त्यांना सांगितलं होतं.

"आणि त्याच्या आधी?" मी विचारलं.

"आधी तलवारी-भाले. हत्यार हातातून पडलं की हातपायच हत्यार, असं म्हणतात. पण त्यांची जुनी राजधानी जळली, त्यात कागद गेले. खरं काय ते कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ज्याला त्याला आपला गुरू तेवढा माहीत."

लढतीआधी गुरूला वंदन करायचा एक नाच असतो, वाय ख्रू. प्रत्येक घराण्याचा वेगळा. पूर्वी तो पाहून समोरचा कोणाचा शिष्य हे ओळखायचे, आणि दोघे एकाच गुरूचे निघाले तर लढायचेच नाहीत, असं सर सांगत. नाचताना डोक्यावर मोंगखोन असते. कापड गुंडाळलेल्या दोरीचं कडं, मागे शेपटीसारखा गोंडा. ती गुरूने घालायची आणि गुरूनेच काढायची. आपल्या हाताने आपण घालायची नाही, आणि ती जमिनीवर ठेवायची नाही.

सरांनी मला त्यांची मोंगखोन सांभाळायला दिली तेव्हा मी ती आमच्या कासू गावच्या घरी नेऊन फळीवर ठेवली. सकाळी उठलो तर फळी रिकामी. आई मिठागरातून आली तेव्हा पाटीखाली, डोक्यावर, मोंगखोन.

"कोनी वलली रं ही चुंबळ?" ती खूश होती. "डोक्यावर काय बसते! मानेला त्रास नाय."

मी धावत पेणला गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"डोक्यावरच होती ना?"

"हो सर, पण तिच्यावर मिठाची पाटी होती."

"मीठच होतं ना. मग चालतंय. आईला वेगळी चुंबळ वळून दे."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडून मिठागरावर जायचं ठरवलं, तेव्हा मात्र सर हसले नाहीत. "कॉलेज नाही तर इथेही नाही," एवढंच म्हणाले. मी कॉलेज सोडलं नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या एका वाक्यामुळे.

आता मी रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे आणि जवळच्याच अष्टमी गावात खोली घेऊन एकटा राहतो. आई गेली. सर लेकीकडे गेले, फार लांब. बरोबर शिकणारे पनवेलला, आखातात गेले. कोणी सराव करत नाही. पहिली शिफ्ट संपली की मी गच्चीवर जातो आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये उभा राहून हात चालवतो. समोर कोणी नसतं. चैया ही समोरच्याचा हात अडवायची कला आहे, त्यामुळे एकट्याने केली की काहीतरी शोधत असल्यासारखी दिसते.

गेल्या हिवाळ्यात रोह्यात एका हॉलमध्ये स्पर्धा झाली. मी नाव दिलं. समोरच्या मुलाला त्याच्या कोचने लाल-निळं तयार कडं घातलं. माझी मोंगखोन पिशवीत होती आणि पिशवी खिडकीच्या गजाला टांगलेली. घालायला कोणी नव्हतं. मी उघड्या डोक्यानेच वाय ख्रू सुरू केला. माइकवरचा म्हणाला, "दादा, योगा नंतर, आधी फाइट!" हॉल हसला. मला हसण्याचं तितकं वाईट वाटलं नाही. वाटलं ते याचं: मी नाचून सांगत होतो की मी कोणाचा, आणि ते वाचता येणारं तिथे एकही माणूस नव्हतं.

गुणांवर हरलो. पंच चांगला होता, पाठ थोपटून म्हणाला, "अंग फार आत ओढून उभे राहता. जरा मोकळे व्हा."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाढणारी मुलगी ताट देता देता थांबली. ती नदीपलीकडच्या वाडीवरची, भावाबरोबर स्पर्धा बघायला आली होती.

"दादा, तुमी पाया कोनाच्या पडत व्हते? समोर तर कोनीच नव्हता."

"माझ्या सरांच्या."

"व्हय? मंग मला वाटलाच, कोनतरी हाय." भात वाढून ती म्हणाली, "मला शिकवाल?"

मागचे रांगेतले ओरडले, "ए बाय, आधी डाळ वाढ, मग फायटिंग!" ती त्यांना म्हणाली, "गप रं, पहिला ठोसा तुलाच." पण नजर माझ्याकडेच होती.

मी म्हणालो, विचारावं लागेल. कारण सरांनी मला मोंगखोन सांभाळायला दिली होती, दुसऱ्याच्या डोक्यावर घालायला नाही. फोनवर त्यांना आता ऐकू येत नाही. म्हणून त्या रविवारी पत्र लिहिलं आणि पाठवलं. ते असं:

ती. सरांस, सा. न.

मी बरा आहे. स्पर्धेत हरलो. मोंगखोन घातली नाही, घालायला तुम्ही नव्हता. ती खिळ्यावर आहे, खाली ठेवलेली नाही.

एक मुलगी शिकायचं म्हणते. तिने मला नाचताना पाहिलं आणि समोर कोणीतरी असणार हे तिला कळलं. इतक्या वर्षांत असं दुसऱ्या कोणाला कळलं नाही. तिला शिकवू का? आणि कधी वेळ आली तर तिच्या डोक्यावर मोंगखोन मी घालू का? तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. पण सर, मग चैया माझ्यापाशीच संपेल, आणि मला ते एकट्याने बघवणार नाही.

इथे गणपतीचा कारखाना नाही. गच्चीवर टाक्या आहेत. त्यांच्यामधली गल्ली आपल्या गल्लीएवढीच आहे. दोघं उभे राहू शकतील.

आपला शिष्य