बटणावरचे एकशे ऐंशी

"कागदाला इचारा!" असं म्हणत बेकरीवाल्या काकू पेपरचा कपटा गॅसच्या ओव्हनमध्ये टाकायच्या आणि दार लावायच्या. कपटा बदामी झाला की नानकटाईचा ट्रे आत. काळा पडला की बटण मागं. बटणावरच्या आकड्यांकडं त्या ढुंकूनही बघत नसत.

कळंबात दिवाळीआधी आम्ही घरचं तूप, पीठ, साखर डब्यात घालून त्यांच्याकडं नेत असू. तुमच्याही गावात नेत असतील. लाकडाची भट्टी जाऊन ओव्हन आला त्या वर्षी बाया कुजबुजू लागल्या, गॅसवर काकूंचा हात चालंल का? काकूंच्या कानावर ते गेलं होतंच. झोप उडाली होती त्यांची.

नेमका तेव्हाच मी, शाळेतला विज्ञानाचा मास्तर, थर्मामीटर घेऊन हजर झालो. बटण एकशे ऐंशीवर आणि आत दोनशे वीस! भरल्या दुकानात मी जाहीर केलं, "काकू, हे बटण चाळीसनं खोटं बोलतंय. एकशे चाळीसवर ठेवा आणि गंमत बघा."

"ठिवते की. शिकलेलं डोकं हाय तुमचं. तुमचंच पीठ पहिलं लावू. तवर च्या घ्या."

चहा संपवून दार उघडलं, तर ट्रेमध्ये कोळसे. बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या आणि कागदावर त्यांचा पुन्हा विश्वास बसला. संध्याकाळी काकूंनी मला बोलावून भरलेला डबा हातात दिला. "माझ्यातली न्या. घरी बोलू नका." त्या नानकटाईला आमच्याच तुपाचा वास येत होता. पण शरमलेल्या माणसाच्या नाकाचं कोण ऐकतं?

गेल्या हिवाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो तर डोळे मिचकावून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं यंत्र खरं हुतं. तुमी च्या पिताना म्याच बटण फिरवलं."

"आणि माझं तूप?"

"जळालं ते माझं पीठ, वनस्पती तुपाचं. तुमचं मागनं नीट भाजलं. लोकाचं तूप म्या जाळंन व्हय? पर तितक्या बायांसमोर तुमी खरे ठरला असता, तर मला कोण इचारलं असतं?"

मी पोट धरून हसलो, त्याही हसल्या, मग खोकला आला. पंधरा दिवसांत त्या गेल्या.

मला त्यांची फार आठवण येते आणि तितकाच रागही येतो. कारण ही हकिगत सांगायला गेलो की बेकरीतल्या बाया एकमेकींकडं बघतात.

"करपवलं तुमी, अन् आता काकू न्हाईत तर त्यांच्यावर ढकलताव व्हय, गुरुजी?"